तटस्थ जहाज 'बुडाले' की 'बुडवले'?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखात 'पाणबुडीच्या हल्ल्यात तटस्थ जहाज बुडाले' असं वाक्य आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. मग भर समुद्रातलं जहाज तटस्थ कसं? तिथे 'अलिप्त' हवं का?

'तटस्थ'च बरोबर आहे. तट म्हणजे काठ, ही फोड खरी. पण शब्द वापरात पुढे सरकत जातो. जुन्या मराठीत 'सभा तटस्थ झाली' म्हणजे चकित होऊन स्तब्ध झाली, तिथेही काठ नाहीच. युद्धात कोणत्याच बाजूने न उतरलेला देश तटस्थ, आणि जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाची भूमिका तीच जहाजाची. 'अलिप्त' आपल्याकडे नेहरूंच्या परराष्ट्र धोरणासाठी रुळलाय, तो इथे नको.

मला खरं खटकलं ते 'बुडाले'. उधारी थकली की घेणारा म्हणतो, 'पैसे बुडाले हो'. देणारा म्हणतो, 'त्याने माझे पैसे बुडवले'. एका 'व'मध्ये कर्ता उभा राहतो. शाळा बुडते सुट्टीमुळे, बुडवतो तो मुलगा.

आता 'रॉबिन मूर' घ्या. हे अमेरिकन मालवाहू जहाज न्यूयॉर्कहून दक्षिण आफ्रिकेकडे निघालं होतं. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. २१ मे १९४१ ला अटलांटिकमध्ये यू-६९ या जर्मन पाणबुडीने ते थांबवलं. जहाजावरच्या अधिकाऱ्याला होडीतून बोलावून चौकशी केली, सगळ्यांना होड्यांत उतरायला लावलं आणि मग आधी पाणतीर (टॉर्पेडो), नंतर तोफगोळे. त्या होड्यांत एक तान्हेपण नुकतंच सरलेलं मूलही होतं. पाणबुडीच्या कप्तानाने त्यांना पावाचे आणि लोण्याचे काही डबे दिले आणि तो निघून गेला. तीन होड्या एका ब्रिटिश जहाजाला सापडल्या. चौथीला ब्राझीलच्या जहाजाने उचललं, तेही ८ जूनला! सगळे वाचले, पण तोवर अठरा दिवस उन्हात, पाण्यात.

इतकं थांबवून, विचारून केलेल्या कृतीला 'बुडाले' म्हणणं मला पटत नाही. वादळात सापडून गेलं असतं तर 'बुडाले' चाललं असतं. 'हल्ल्यात' हा शब्दही पुरत नाही, हल्ला कोणाचा ते झाकलेलंच राहतं.

तेव्हा 'रॉबिन मूर'सारख्या जहाजाबद्दल असेल तर वाक्य असं करा: 'जर्मन पाणबुडीने तटस्थ अमेरिकेचे मालवाहू जहाज बुडवले.'