प्रयोगात माणसाला मुद्दाम दुःखी कसं करतात, आणि ते दुःख खरं असतं का?

प्रश्न दोन आहेत, मूड बदलतात कसा आणि तो खरा की नाटक. मी एमएला असताना ठाण्यात हेच उद्योग करून बसलेय, म्हणून सांगते. बदलतो, खरंच बदलतो, पण थोडाच आणि थोडा वेळ.

पुस्तकात आधी भेटतो तो वेल्टन नावाचा मानसशास्त्रज्ञ, त्याची पद्धत 1968 ची. त्याची 60 वाक्यं, सुरुवात साधी आणि मग हळूहळू उदास होत जाणारी (आनंदाचा सेट वेगळा), ती एकेक करून मोठ्याने वाचायची आणि तसं वाटून घ्यायचं. मी ती मराठीत केली आणि तिथेच माती खाल्ली, कारण 'मला अत्यंत निरुत्साही वाटत आहे' असं आपल्याकडे कोण बोलतं? पहिल्याच मुलीला सातव्या वाक्याला जे हसू फुटलं ते थांबेचना, मग मीपण हसले, बोंबलला प्रयोग.

मग फिल्मच्या क्लिपवर आले. 1996 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून 11 पद्धतींची तुलना केली, त्यात फिल्म किंवा गोष्ट सगळ्यात भारी ठरली, आणि हेही दिसलं की माणसाला खूश करण्यापेक्षा खट्टू करणं सोपं. आमच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे, गणपती आठवड्यावर आलेले, लॅपटॉपवर म्हातारा शेवटचे श्वास घेतोय आणि खाली मंडळाचं आगमन, ढोल-ताशा. समोरच्या मुलाचा चेहरा अगदी गंभीर, टेबलाखाली पाय ठेक्यावर चाललेला. त्याचा मूड मी काय मोजणार?

आणि येताना माणूस कोरा कुठे असतो? ठाण्याला गर्दीच्या लोकलमधून ढकलून उतरवलेला माणूस आधीच वैतागलेला, त्यामुळे क्लिपच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असं दोनदा मोजावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती आयसन आणि लेव्हिनची 1972 ची आयडिया. पब्लिक फोनच्या परत येणाऱ्या नाण्यांच्या खाचेत आधीच एक डाइम, म्हणजे अमेरिकेतलं दहा सेंटचं नाणं, ठेवून द्यायचं, ज्याला ते सापडतं तो खूश, आणि मग समोरून जाणाऱ्या बाईच्या हातातले कागद पडले की तो उचलायला मदत करतो का ते बघायचं. माणसाला पत्ताच नाही की प्रयोग चाललाय! नंतर दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा तसा फरक आला नाही हे खरं, पण डोकं मानलं. पेन दातात धरून चेहरा हसरा केला की कार्टून जास्त मजेशीर वाटतं हा 1988 चा प्रयोगसुद्धा 2016 मध्ये 17 लॅबनी परत केला आणि ते दिसलं नाही. टेन्शन मात्र हमखास आणता येतं: ट्रिअर टेस्टमध्ये तुम्ही पाच मिनिटं भाषण द्यायचं, समोरचे परीक्षक मख्ख, आणि मग 1022 मधून 13 वजा करत जायचं, चुकलात की परत 1022. व्हायवा दिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

नाटकाचा प्रश्न बरोबर पकडलात. समोरच्याला अंदाज येतो की हिला आपण उदास व्हायला हवंय, आणि आपली माणसं तर भिडस्त. एकीने फॉर्म भरता भरता मला विचारलं, "ताई, किती हवंय तुम्हाला, चार लिहू की पाच?" म्हणून खरा उद्देश आधी सांगत नाहीत, क्लिपचा आणि पुढच्या कामाचा संबंध नाही असं भासवतात. शेवटी मात्र सगळं खरं सांगायचं आणि जाण्याआधी मूड वर आणायचा, आम्ही कॉमेडी दाखवायचो.

एक पद्धत राहिली, स्वतःची आठवण लिहायला लावणं. मी आठ मिनिटं दिली होती. कळव्याचा एक मुलगा आजोबांबद्दल लिहायला बसला, वेळ संपली म्हटलं तर मान वर न करता दुसरा कागद मागितला. मी दिला. मग तिसरा. शेवटी कॉमेडी वगैरे राहू दिली आणि त्याला खाली टपरीवर नेलं, दोन कटिंग झाले तरी तो आजोबांच्या सायकलबद्दलच बोलत होता. मूडचा दुसरा फॉर्म भरायचाच राहिला त्याचा, म्हणून माझ्या डेटात 40 ऐवजी 39 जण आहेत.