दूध मानवत नाही आणि वजनही उतरत नाही

आहार आणि आरोग्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४२ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. मी घोडबंदर रस्त्यावर राहते आणि नोकरीसाठी ऐरोलीला जाते. सहा महिन्यांपूर्वी वजन कमी करायचे ठरवले, तेव्हा सकाळच्या पोह्यांऐवजी पाव लिटर स्निग्धांश काढलेल्या दुधात प्रथिनांची पावडर घालून घेऊ लागले. दुपारच्या डब्यात पोळी-भाजीबरोबर कच्च्या मोडांचा मोठा डबा आणि रात्री भाताऐवजी पनीर किंवा राजमा असा बेत ठेवला. पंधरा दिवसांत पोटाला तडस लागू लागली, आणि ठाण्याहून गाडीत बसले की पोटात असे गुडगुडायचे की ऐरोली येईपर्यंत जीव मुठीत धरावा लागे. एका प्रयोगशाळेत रक्त देऊन ‘न मानवणाऱ्या अन्नाची’ चाचणी केली, तर अहवालात दूध, दही, गहू, अंडे, शेंगदाणे यांच्यासह ३८ पदार्थ लाल रंगात आले. मी ते सगळे बंद केले. आता तांदळाची भाकरी, साबुदाणा, बटाटा आणि नारळाच्या दुधातल्या भाज्या खाते. पोट बऱ्यापैकी शांत आहे, परंतु वजन चार महिन्यांत ६६ वरून ६८ वर गेले. मी पोट सांभाळू की वजन?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण वजनासाठी म्हणून जे पदार्थ एकाच आठवड्यात वाढवले, नेमके तेच पोटाला सर्वांत जड जाणारे होते, आणि पोटासाठी म्हणून जे पदार्थ हाताशी धरले, ते वजनाला जड जाणारे आहेत. त्यामुळे पोट किंवा वजन यांपैकी एकच सांभाळता येईल असे आपल्याला वाटू लागले, यात आपली काहीही चूक नाही. मात्र तशी निवड करण्याची गरज नाही, आणि ती का नाही हे थोडे सविस्तर सांगते.

वावडे असणे आणि न मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वावडे, म्हणजे ॲलर्जी, असेल तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थाविरुद्ध उठते. अंगावर गांध्या येतात, ओठ सुजतात, दम लागतो, आणि तिथे थोडेसे खाणेही धोक्याचे असते. न मानवणे हा पचनाचा प्रश्न आहे आणि तो जवळजवळ नेहमीच प्रमाणाचा प्रश्न असतो. दुधातील साखरेला लॅक्टोज म्हणतात आणि ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. बाळपणानंतर हे विकर कमी होत जाणे ही जगातील निम्म्याहून अधिक माणसांची नैसर्गिक स्थिती आहे, तो काही आजार नव्हे. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून वायू तयार होतो आणि सोबत पाणीही ओढले जाते. गाडीतले गुडगुडणे आणि पोटाला लागलेली तडस या दोन्हींचे मूळ बहुधा इथे आहे.

आता आपल्या सकाळच्या पेल्याचा हिशेब करू. शंभर मिलिलिटर दुधात साधारण पाच ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे पाव लिटरमध्ये सुमारे बारा ग्रॅम. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी एवढे लॅक्टोज, विशेषतः जेवणासोबत घेतले तर, फारसा त्रास न होता सोसते. परंतु आपण ते अगदी काठावरचे प्रमाण रिकाम्या पोटी, एका दमात, आणि वर पावडर घालून घेत होतात. दुधाच्या निवळीपासून केलेल्या स्वस्त व्हे पावडरीत लॅक्टोजचा अंश राहतोच. ‘आयसोलेट’ या अधिक शुद्ध केलेल्या प्रकारात तो नगण्य असतो. दुसरी गोष्ट, जी वजन कमी करणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही, ती अशी की दुधातला स्निग्धांश काढल्याने लॅक्टोज कमी होत नाही. सहा टक्के स्निग्धांशाचे दूध असो, तीन टक्क्यांचे टोन्ड असो की दीड टक्क्याचे डबल टोन्ड, साखर तेवढीच. उलट स्निग्धांश नसलेले दूध जठरातून लवकर खाली उतरते, म्हणून काहींना ते अधिकच बाधते. चहातले दोन-तीन चमचे दूध मात्र आपण निर्धास्तपणे घ्यावे.

दही बंद केले, याचे मला सर्वांत वाईट वाटले. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतात आणि उरलेला पचवणारे विकर बरोबर घेऊन आपल्या आतड्यात येतात, म्हणून दूध न मानवणाऱ्या पुष्कळांना दही मानवते. ते घरी रात्रभर नीट लागलेले असावे. बाजारातल्या काही दह्यांत दुधाची भुकटी मिसळलेली असते, आणि दुधाच्या भुकटीत निम्म्याच्या आसपास लॅक्टोज असते, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे. पातळ ताकात तर पेलाभर पाण्यात दही चार चमचेच असते. पनीर करताना निवळीबरोबर बरेचसे लॅक्टोज निघून जाते. रात्रीचे ते पनीर बहुधा निर्दोष होते.

त्या रक्तचाचणीविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. अशा चाचण्यांत बहुधा आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे मोजतात. ती असणे म्हणजे तो पदार्थ आपल्या खाण्यात आहे एवढेच. तो बाधतो असा त्याचा अर्थ होत नाही. युरोपीय ॲलर्जी व प्रतिकारशास्त्र अकादमीने २००८ मध्येच ही चाचणी अन्न न मानवण्याच्या निदानासाठी वापरू नये असे सांगितले आहे. म्हणूनच रोज खाल्ले जाणारे दूध, गहू, शेंगदाणे या याद्यांत हटकून लाल होतात. अंड्याने किंवा शेंगदाण्याने आपल्याला प्रत्यक्ष कधी त्रास झाला नसेल, तर तो अहवाल बाजूला ठेवून ते पुन्हा सुरू करावेत. लॅक्टोजसाठी खरी उपयोगी चाचणी श्वासाची आहे: रात्रभर उपाशी राहून सकाळी लॅक्टोजचे द्रावण प्यायला देतात आणि पुढे दोन-तीन तास ठरावीक अंतराने श्वासातला हायड्रोजन मोजतात. ती जमली तर करावी, परंतु घरचा प्रयोगही पुष्कळ सांगून जातो.

तो असा करावा. दोन आठवडे साधे दूध, खवा, आइस्क्रीम आणि ती पावडर पूर्ण बंद ठेवावी. बाकीचे जेवण बदलू नये. त्यानंतर तीन दिवस रोज दुपारच्या जेवणाबरोबर अर्धा कप दूध, पुढचे तीन दिवस एक कप, असे वाढवत जावे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या ज्या चौकोनात आपण दुधाच्या पिशव्यांचा हिशेब मांडता, त्याच चौकोनात कोपऱ्यात किती दूध घेतले आणि पोट कसे राहिले ते एका शब्दात लिहावे. ज्या प्रमाणाला त्रास सुरू होईल, त्याच्या खाली आपली मर्यादा. एका वेळी एकच पदार्थ तपासावा, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही. आपल्या बाबतीत दूध, मोड आणि राजमा एकदमच वाढल्यामुळे हाच घोळ झाला.

गव्हाबद्दल मात्र घाई करू नये. सिलिॲक हा गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे होणारा वेगळा आजार आहे आणि त्याची टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी गहू खाण्यात असतानाच विश्वासार्ह ठरते. आपण चार महिने पोळी सोडली आहे, त्यामुळे आत्ता केलेली चाचणी खोटा दिलासा देऊ शकेल. आपल्या डॉक्टरांशी बोलून सुमारे सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत पोळी घ्यावी आणि मग ती करून घ्यावी. निष्कर्ष ठीक आला तर पोळी आपल्या ताटात परत यावी.

मोड आणि राजमा यांतील काही शर्करा तर कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी फेकून द्यावे, मोड वाफवून घ्यावेत, आणि सुरुवात अर्ध्या वाटी मुगापासून करावी; राजमा सर्वांत शेवटी.

आता वजन. दूध आणि गहू गेले त्या जागी जे आले ते पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावापुरतीच. घट्ट नारळाच्या दुधाच्या एका वाटीत तीनशेच्या आसपास उष्मांक असतात, तर तेवढ्याच टोन्ड दुधात नव्वदच्या आसपास. प्रथिने ताटातून निघून गेल्यामुळे आपल्याला दुपारी चार वाजता पुन्हा भूक लागत असणार, आणि ती भूक खरी आहे. म्हणून प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठळक पदार्थ ठेवावा: सकाळी दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे, दुपारी घट्ट वरणाची वाटी आणि दही, रात्री शंभर ग्रॅम पनीर किंवा, आपण खात असाल तर, कमी तेलावर भाजलेला मासा. भाकरी एक किंवा दीड, भाजी भरपूर, तेल चमच्याने मोजून. नाचणीची एक भाकरी जरूर असावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आपल्या वयाला रोज १००० मिलिग्रॅम लागते. दूध कमी घेणाऱ्याने ही बेरीज दर आठवड्याला एकदा मांडून पाहावी आणि ती भरत नसेल तर पूरक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आपला देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २७.६ येतो. भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा पहिला टप्पा ६२ किलोंच्या आतबाहेर ठेवावा आणि आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा मानावा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर बघावे. पोट फुगलेले असताना काटा आणि कमरेचा पट्टा दोन्ही फसवतात, आणि त्या एका आकड्याने खचून अनेक जणी चांगला चाललेला आहार सोडून देतात. शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय यांपैकी काही असेल तर हा सगळा प्रयोग थांबवून आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मी ५५ वर्षांचा असून नेरुळला राहतो. तीन महिन्यांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले आणि वजन उतरवण्यास सांगितले. तेव्हापासून साखर सोडून साखरविरहित बिस्किटे व चॉकलेट खातो. पोट सतत ढिले असते. दूध बाधते असे समजून दूध सोडले, तरी फरक नाही. दूध पुन्हा घ्यावे का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : घ्यावे. दूध सोडल्यावरही त्रास तसाच आहे, म्हणजे दोष दुधाचा नसावा. साखरविरहित बिस्किटांत आणि चॉकलेटांत माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखी गोड द्रव्ये असतात. ती लहान आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत आणि त्यांचा परिणाम न पचलेल्या लॅक्टोजसारखाच होतो. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जुलाबाबद्दलची सूचना छापलेली आढळेल. ती शोधून वाचावी. शिवाय त्या बिस्किटांत मैदा आणि तूप-तेल नेहमीसारखेच असल्यामुळे वजनालाही त्यांचा काही उपयोग होत नाही. ती दोन आठवडे पूर्ण बंद करून, चार वाजता भाजलेले चणे किंवा एक पेरू घ्यावा.

तरीही पोट ढिले राहिले तर मेटफॉर्मिनकडे पाहावे लागेल. या गोळीने सुरुवातीला पुष्कळांचे पोट बिघडते. ती जेवणाबरोबर घेतल्याने किंवा हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात बदलून दिल्याने बहुतेकांना बरे वाटते. मात्र हा बदल डॉक्टरांनीच करायचा आहे, आपण गोळी स्वतःहून बंद करू नये. पुढच्या भेटीला जाताना गोळ्यांची पट्टी आणि बिस्किटांचे रिकामे पाकीट दोन्ही पिशवीत घालून न्यावे आणि डॉक्टरांसमोर ठेवावे.