‘लाइन ऑफ ड्यूटी’मधलं पथक एकमेकांवर इतका संशय घेऊनही टिकतं कसं?

तुम्ही विचारलंय की ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या ब्रिटिश मालिकेतल्या एसी-१२ मधली, म्हणजे पोलिसांमधला भ्रष्टाचार शोधणाऱ्या पोलीस पथकातली माणसं सारखी एकमेकांच्या मागावर असतात, तरी ते पथक फुटत कसं नाही, आणि खऱ्या पोलीस खात्यात असं चालतं का. मी पोलीस नाही. पण कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या पोलीस लाईनीत वाढलोय. वडील हवालदार म्हणून रिटायर झाले आणि ही मालिका मी त्यांच्या शेजारी बसूनच बघितली. त्यांना इंग्रजी येत नाही. पहिले दोन भाग मी अर्थ सांगत होतो, मग म्हणाले, "तू गप बस. तोंडं बघून कळतंय मला." (पुढे सहाही सीझनमधली रहस्यं फोडली आहेत. बघायची असेल तर इथंच थांबा.)

या पथकात शिरायची पात्रताच मुळात ‘फितुरी’ आहे. स्टीव्ह अरनॉट दहशतवादविरोधी पथकात असताना त्याची माणसं चुकीच्या फ्लॅटमध्ये घुसतात, निरपराध माणूस मरतो. सगळ्यांनी एकच जबाब द्यायचा असं वरून ठरतं, स्टीव्ह नाही म्हणतो. तिथं त्याची नोकरी नासते आणि एसी-१२ चा प्रमुख टेड हेस्टिंग्ज त्याला आपल्या पथकात उचलतो. (खोटा जबाब द्यायला लावणारा ऑस्बोर्न सहाव्या सीझनपर्यंत चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे तिथल्या पोलीस दलाचा प्रमुख, होऊन बसलेला असतो, हेही लक्षात ठेवा.) त्याची पथकातली सहकारी केट फ्लेमिंग, तिचं काम तर त्याहून अवघड. दुसऱ्या पथकात खोट्या ओळखीनं जायचं, मैत्री करायची आणि त्याच मैत्रीचा पुरावा करायचा. अशा दोघांना एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवा म्हणण्यात अर्थ नाही.

आणि गंमत बघा, त्या ऑफिसात सगळ्यांशी दोस्ताना कुणाचा, तर डॉट कॉटनचा. मदतीला पहिला तोच. तोच गुन्हेगार टोळीचा माणूस, आणि तिसऱ्या सीझनमध्ये तो स्टीव्हला अडकवतो. स्टीव्ह सुटतो, कारण केट गुपचूप डॉटचा माग काढत असते. इथं वडिलांनी विचारलं, "ती त्या डॉटबरोबर डबा खात होती काय रोज?" मला प्रश्नच कळला नव्हता. तो कळायला त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगावी लागेल.

आपल्याकडे एसी-१२ च्या जवळ जाणारं खातं म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. तो फक्त पोलिसांसाठी नाही. तलाठी, इंजिनिअर, सगळेच त्यात येतात. १०६४ वर फोन जातो, आधी तक्रारीची पडताळणी होते, मग सापळा लागतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर, सोबत पंच, आणि पैसे घेतलेले हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी. मालिकेत आरोपी अधिकारी हट्टानं सांगतो की माझी चौकशी माझ्यापेक्षा किमान एक पायरी वरचाच करेल. आपल्या १९८८ च्या कायद्यात असं नातं नाही. तपास साधारणपणे उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, सरकारनं अधिकार दिले तर निरीक्षक. पण मोठा फरक वेगळाच आहे. या विभागातली पोलीस मंडळी प्रतिनियुक्तीवर येतात आणि काही वर्षांनी परत आपल्या खात्यात जातात. ज्यांच्यावर सापळा लावला, त्यांच्याच सोबत्यांच्या शेजारी पुन्हा बंदोबस्ताला उभं राहायचं.

वडील त्या विभागात कधीच नव्हते. जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होते. तिथल्या एका सहकाऱ्यावर सापळा लागला, हात गुलाबी झाले. त्या दिवशी वडील एका जुन्या केसमध्ये साक्षीला कोर्टात गेले होते. एवढंच. संध्याकाळी परत आले तर ठाण्यात शांतता. "आजच बरं कोर्ट निघालं?" असं कुणीतरी म्हणालं आणि ठरलं, टीप यानंच दिली.

शिवी नाही, भांडण नाही. आदल्या दिवशीपर्यंत वडिलांना सगळे ‘अण्णा’ म्हणायचे, दुसऱ्या दिवसापासून ‘साहेब’. "या साहेब, बसा साहेब." दुपारी पाच-सहाजण गोल करून डबे सोडायचे, त्या गोलात जागा उरेना. रात्रपाळी लागोपाठ यायला लागली. आई डब्यात भाकरी जास्त द्यायची, चौघांत वाटून खायची सवय म्हणून, ती तशीच परत यायची. सात-आठ महिने चाललं हे, मग बदली झाली.

आणि तक्रारदार कोण ते फिर्यादीतच लिहिलेलं होतं! एक ट्रकवाला, ज्याच्याकडून पैसे मागितले तोच. ठाण्यातल्या कुणालाही तो कागद वाचता आला असता. वडिलांना तोंडावर विचारताही आलं असतं. कुणी विचारलं नाही, आणि वडिलांनीही आपण होऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणे ते कबुलीसारखं दिसलं असतं.

म्हणून मला एसी-१२ चं टिकणं पटतं. तिथं संशय आला की खोलीत बसवतात, रेकॉर्डर लांब ‘बीऽऽप’ करतो, फाईल उघडते आणि तोंडावर विचारतात. पाचव्या सीझनमध्ये खुद्द हेस्टिंग्जला त्या खुर्चीत बसावं लागतं आणि बाहेरून चौकशीला आलेली अधिकारी पॅट्रिशिया कार्माइकल त्याला पार सोलून काढते. पुरावेही खोटे उभे करता येतात, डॉटनं केलेच. पण उत्तर द्यायला माणसाला जागा मिळते. वडिलांना त्या चौकशीच्या लांबच लांब प्रसंगांचा कंटाळा कधीच आला नाही, मी मात्र मोबाईल बघायचो.

सहाव्या सीझनचा शेवट बऱ्याच लोकांना आवडला नाही, मलाही आधी नव्हता आवडला. टोळीला पोलिसांच्या आतून मदत करणारा, इतकी वर्षं शोधलेला ‘चौथा माणूस’ निघतो इयन बकल्स, एक ढिला, कामचुकार अधिकारी. वडिलांनी त्याला पहिल्या सीझनमध्येच हेरलं होतं. "ह्यो गडी काय कामाचा न्हाई," म्हणाले होते, "पण ह्येला हलवत कोण न्हाई, बघ."

परवा त्यांच्या त्याच ठाण्यातले एकजण बाजारात भेटले. लांबून हाक मारली, "ओ अण्णा!" वडील थांबले, बोलले, दोघांनी चहा घेतला. पैसे वडिलांनी दिले. घरी येताना मी विचारलं, यांनी त्या वेळी काय केलं होतं? "डबा ह्येच्याबरोबरच खायचो की," म्हणाले आणि गाडीला किक मारली.