घन नमुन्याच्या एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा रेडिओ सिग्नल मोजायची पद्धत) क्रॉस-पोलरायझेशन करताना, म्हणजे हायड्रोजनचं ध्रुवीकरण कार्बनला देताना, हार्टमन-हान अट जुळली की कार्बनला चारपट सिग्नल मिळतो, असं पुस्तकात आहे. हे ध्रुवीकरण (केंद्रकांचे स्पिन, म्हणजे त्यांचे छोटे चुंबक, एका दिशेला झुकणं) हायड्रोजनकडून कार्बनकडे कसं जातं आणि कॉन्टॅक्ट टाइम, म्हणजे ही देवाणघेवाण चालू ठेवायची वेळ, किती ठेवावा?

चारपट ही कमाल मर्यादा आहे. प्रत्येक कार्बनला तेवढं मिळालंच असं धरून जो प्रमाण काढतो तो चुकतो. हे मी चिपाडावर शिकलो.

आमचं गाव कर्नाटकात, निपाणीजवळ. घरचा ऊस, शेजारी गुऱ्हाळ. संशोधनाला विषय घेतला तो चिपाडातल्या सेल्युलोज-लिग्निनचा. पोतंभर चिपाड आणून वाळत घातलं तेव्हा आई म्हणाली, "चिपाडात काय शोधूलास रे?"

स्पेक्ट्रम आला. स्पेक्ट्रमच्या आडव्या मोजपट्टीवर १०५ पीपीएमला सेल्युलोजची रेघ ताठ उभी, आणि १५०च्या आसपास लिग्निनचे कार्बन, ज्यांना स्वतःचा हायड्रोजन नाही, ते अगदी बुटके. कॉन्टॅक्ट टाइम अर्धा मिलिसेकंद होता. मार्गदर्शक म्हणाले, "सिग्नल कमी म्हणजे लिग्निन कमी. लिहून टाका." मला ते पटलं नाही. पुन्हा यंत्राची वेळ मागितली, रात्रीची मिळाली. कॉन्टॅक्ट टाइम वाढवत २ मिलिसेकंदांवर नेला. सेल्युलोजची वाढ जवळपास थांबली होती, १५०ची रेघ अजून चढत होती. नमुना तोच, रोटर (नमुना भरून फिरवायची नळी) तोच. तरी शोधनिबंधात पहिलाच आकडा गेला.

कारण साधं आहे. मोठ्या चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची नोट चार रुपयांची आणि कार्बनची एक रुपयाची, सुटे कुणाकडेच नाहीत, म्हणून व्यवहार होत नाही. दोघांना रेडिओ क्षेत्रांनी स्पिन-लॉक केलं, म्हणजे त्यांचं चुंबकत्व त्या क्षेत्राच्या दिशेत धरून ठेवलं, की फिरत्या चौकटीत (रेडिओ क्षेत्राबरोबर फिरत पाहिलं तर) नोटेची किंमत आपण ठरवतो. गॅमा (केंद्रकाचा ठरलेला चुंबकीय स्थिरांक) गुणिले रेडिओ क्षेत्र दोन्हीकडे सारखं केलं की एक स्पिन उलटतो, दुसरा सुलटतो, ऊर्जेचा हिशेब जुळतो. हार्टमन आणि हान यांनी १९६२ मध्ये सांगितलं ते हेच. पण अट जुळली म्हणजे फक्त दार उघडलं. माल वाहून नेते ती द्विध्रुवी जोडणी (दोन केंद्रकांच्या चुंबकांचा एकमेकांवरचा परिणाम), आणि ती अंतराच्या घनाने कमी होते. वेग तिच्या वर्गावर चालतो, म्हणजे अंतराचा सहावा घात. हायड्रोजन चिकटलेला कार्बन मिलिसेकंदाच्या आतच भरतो, लांबच्याला कित्येक मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हायड्रोजनचं लॉक केलेलं चुंबकत्व टी-१-रोने (लॉकमधलं चुंबकत्व विरण्याचा काळ) गळत असतं. कॉन्टॅक्ट टाइमनुसार सिग्नलचा वक्र त्यामुळे प्रत्येक कार्बनचा वेगळा.

मार्गदर्शकांच्या मते स्पिन तापमान (दोन्ही स्पिनसमूहांना जणू आपापलं तापमान आहे असं धरणं) हाच पूर्ण सिद्धांत, गरम-थंड भांडी जोडली की झालं. ते चित्र शेवटी कुठे पोचायचं ते सांगतं, वाट सांगत नाही. १९७४ मध्येच एनएमआरचे शास्त्रज्ञ रिचर्ड अर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत फेरोसिन या लोहाच्या संयुगाच्या स्फटिकात कार्बनचा सिग्नल सुरुवातीला वरखाली झुलताना दिसला होता. एका कार्बन-हायड्रोजन जोडीत ध्रुवीकरण ये-जा करतं, आणि बाकीच्या हायड्रोजनांमुळे ते हेलकावे हळूहळू विरतात. त्या निबंधाच्या लेखकांत अनिल कुमार होते, जे पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. आपल्याच राज्यात हे काम जाणणारा माणूस असताना आम्हाला ते कुणी शिकवलं नाही, हे मला अजून लागतं.

हो, एक राहिलं. नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांवर जोरात फिरवत असाल तर अट सरकते. दोन क्षेत्रांतला फरक फिरण्याच्या वारंवारतेइतका किंवा दुप्पट ठेवावा लागतो. रॅम्प दिलात, म्हणजे एका क्षेत्राची ताकद हळूहळू बदलत नेलीत, तर चूक बरीच सावरते.

कॉन्टॅक्ट टाइमचा एक आकडा माझ्याकडे मागू नका. तुमच्या नमुन्यावर दहा-बारा वेगवेगळे ठेवून वक्र काढा. प्रमाणच हवं असेल तर कार्बनला थेट पल्स द्या आणि त्याच्या टी-१च्या (चुंबकत्व पुन्हा भरून येण्याचा काळ) पाचपट थांबा, रात्र गेली तरी चालेल. आणि तो आलेख निबंधाच्या पुरवणीत घाला, मार्गदर्शक नको म्हणाले तरी. माझा घालू दिला नाही.