मला वांगे आवडते, असे मी सांगून बसलो

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय २८ वर्षे असून मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर काम करतो. काट्याच्या खोलीला लागूनच कार्यालय आहे आणि तेथे यंदाच्या हंगामापासून एक मुलगी संगणकावर आवकेच्या नोंदी करण्यासाठी रुजू झाली आहे. भरलेली गाडी काट्यावर आली की मी खिडकीतून तिला वजन सांगतो, तीच गाडी रिकामी होऊन परतली की पुन्हा सांगतो, आणि या दोन वजनांच्या मधल्या वेळेत आमचे बोलणे होते. त्यातूनच आमचे सूत जुळले.

अडचण माझ्या स्वभावाची आहे. समोरच्याला बरे वाटावे म्हणून माझ्या तोंडून चटकन खोटे निघून जाते. ओळख नवीन असताना तिने डब्यातली वांग्याची भाजी पुढे केली, तेव्हा ‘वांगे म्हणजे माझा जीव की प्राण’ असे मी म्हणालो. खरे तर लहानपणापासून वांगे माझ्या घशाखाली उतरत नाही. तिने ते घरी सांगितले आणि आता तिची आई दर मंगळवारी माझ्यासाठी वेगळा डबा भरून पाठवते. संध्याकाळी तिची सोबत मिळावी म्हणून माझे गाव तिच्या गावाच्या पुढे आहे, असेही मी सांगून ठेवले. प्रत्यक्षात ते अगदी उलट दिशेला आहे. रोज मी तिच्या एस.टी.त बसतो, ती उतरली की पुढच्या फाट्यावर उतरतो आणि मिळेल त्या वाहनाने परत फिरतो. तिला अर्धे तिकीट, मला पूर्ण, आणि तेही उलट्या रस्त्याचे. घरी आईला ‘गाड्यांची रांग होती’ असे सांगतो.

परवा तिने घरच्या कापसाचा नमुना पिशवीत आणला. मी मीटर लावून पाहिले तर ओलावा १३ टक्के आला. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला आणि ‘काकाजी, कापूस एकदम कोरडा, आठच्या आत आहे, बिनधास्त आणा’ असे मी बोलून गेलो. येत्या सोमवारी ते २० क्विंटल कापूस घेऊन आमच्या केंद्रावर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीसाठी येणार आहेत. मला तिला लग्नाचे विचारायचे आहे. पण खोटे बोलणारी माणसे आपल्याला मुळीच आवडत नाहीत, असे ती एकदा म्हणाली होती आणि त्यावर ‘मलाही नाही’ असे मी उत्तर दिले होते. आता काय करावे?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : अंक छापून तुमच्या हाती पडेपर्यंत सोमवार उलटून गेला असता. तुमच्या पत्रावर मोबाइल क्रमांक होता, त्यामुळे या उत्तरातील कापसाचा भाग आम्ही तुम्हाला फोनवरूनच कळवला. बाकीच्या वाचकांसाठी तो येथे पुन्हा देत आहोत, कारण तुमच्या सगळ्या खोट्यांमध्ये तेवढे एकच असे आहे, की ज्याचे पैसे दुसऱ्याला मोजावे लागणार होते.

तुम्ही काट्यावर बसता, तेव्हा हिशेब तुम्हाला पाठच असेल. शहरातील वाचकांसाठी सांगते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर हा भाव पूर्ण मिळतो, त्यापुढे ओलाव्याच्या प्रमाणात तो कमी होत जातो आणि १२ टक्क्यांच्या वर सीसीआय कापूस घेतच नाही. म्हणजे काकाजींनी तुमच्या शब्दावर भाड्याची गाडी केली असती, कपास किसान अ‍ॅपवर मिळालेला दिवस साधून रांग लावली असती, आणि कापसाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरने मीटर खुपसल्यावर गाडी तशीच माघारी नेली असती किंवा फाटकाबाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला तो सांगेल त्या भावाने दिली असती. आणि हे सारे कोणासमोर? आवकेची नोंद करायला खिडकीत बसलेल्या त्यांच्याच मुलीसमोर.

म्हणून आम्ही तुम्हाला त्याच दिवशी फोन करायला सांगितले. ‘काकाजी, मी चुकीचे सांगितले, मीटर १३ दाखवत होते; कापसाला दोन-तीन दिवस चांगले ऊन द्या आणि घरी मीटर लावल्याशिवाय गाडी भरू नका,’ एवढेच म्हणायचे होते. वाळल्यावर वजनात थोडी घट येते हे काकाजींना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार, पण वजनातली घट परवडते, परत फिरलेली गाडी परवडत नाही. फोन केल्याचे तुम्ही कळवले, हे चांगले झाले. ‘मीटर बिघडले होते’ असे मध्येच घुसडून दिले नाही ना, हे मात्र मी मुद्दाम विचारले नाही. सोमवारी त्यांची गाडी काट्यावर येईल तेव्हा खुर्चीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवा. वजन चोख असले तरी जिनिंगच्या आवारात बोलणाऱ्याला तोंड असते.

आता तुमच्या स्वभावाबद्दल. बेला डीपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना आठवडाभर आपापल्या खोट्याची रोजनिशी ठेवायला सांगितले होते. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दिवसाला सरासरी दोन खोट्या गोष्टी नोंदवल्या आणि इतर प्रौढांनी एक. हे वाचून तुम्हाला हायसे वाटेल, तर थोडे थांबा. २०१० मध्ये १,००० अमेरिकी प्रौढांचे एक सर्वेक्षण झाले, त्यात सुमारे ६० टक्के लोकांनी गेल्या २४ तासांत आपण एकदाही खोटे बोललो नाही असे सांगितले, आणि एकूण खोट्यापैकी निम्मा वाटा अवघ्या ५ टक्के लोकांचा निघाला. तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर तुमची जागा कोणत्या गटात आहे, याविषयी मला फारशी शंका उरली नाही.

तरीही तुम्ही लबाड आहात असे मला वाटत नाही. लबाड माणूस स्वतःच्या फायद्यासाठी खोटे बोलतो. तुमच्या खोट्याने आजवर तुम्हाला नावडती भाजी आणि जास्तीचे तिकीट याखेरीज काही मिळालेले नाही. भाजी बरी नसताना ‘छान झाली’ म्हणणे हे आपण सगळेच करतो आणि त्याने कोणाचे बिघडत नाही, कारण ते बोलणे त्या घासापुरते असते. तुमचे खोटे मात्र दुसऱ्या दिवशीही चालू राहते. त्या खोट्याच्या भरवशावर तिची आई भल्या पहाटे उठून वांगी चिरते, तिचे वडील गाडी ठरवतात आणि ती मुलगी तुमच्याबद्दल मत बनवते. जे ऐकून दुसरा माणूस काही ठरवणार आहे, तेथे सौजन्याचे खोटे चालत नाही, मग ते कितीही लहान असो.

सगळे एका दमात कबूल करून टाकावे, असा मोह तुम्हाला होईल. तसे करू नका. ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच उमगते, की या माणसाचे काहीच खरे नव्हते. कापसाची गोष्ट तिच्या वडिलांच्या तोंडून तिच्या कानावर गेली असेलच, तेव्हा ती तुम्ही स्वतःही तिला सांगा. त्यानंतर एस.टी.चे सांगा. हे प्रकरण कदाचित तिला ठाऊक असेल. रोज पुढच्या फाट्यावर उतरून रस्ता ओलांडून उलट्या बाजूला उभा राहणारा तरुण कोण, हे आपल्या भागातल्या कंडक्टरला कळायला हंगाम संपावा लागत नाही, आणि कंडक्टरला कळलेले गावाला कळते. तिला हसू येण्याचीच शक्यता अधिक आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि ही मी गंमतीत सांगत नाही : एखादा पुरुष आपला पत्ता खोटा सांगून रोज आपल्याच गाडीत बसत होता, हे कळल्यावर मुलीला भीतीही वाटू शकते. म्हणून ‘मी तुझ्यासाठी येत होतो’ असे सांगून थांबू नका. ‘यापुढे सोबत आलेले चालेल का’ असे विचारा, आणि ती नको म्हणाली तर दुसऱ्या दिवशी आपल्या गावची गाडी पकडा.

वांग्याचे सत्य तिच्या आईला तुम्ही परस्पर सांगू नका, तिलाच सांगू द्या. आयांना अशी बातमी आपल्या लेकीकडून कळलेली बरी असते. ‘डॉक्टरांनी वांगे बंद केले आहे’ ही पळवाट तुम्हाला सुचलेली असणार; ती घेऊ नका. एकदा डॉक्टर आले की कोणते डॉक्टर, कोणते दुखणे, रक्त तपासले का, असे प्रश्न येतात, आणि घरात लग्नाची बोलणी निघायच्या आधी मुलाच्या तब्येतीची चौकशी सुरू होते. शिवाय लग्न ठरलेच, तर आपल्याकडच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी असणार आणि नवरदेवाच्या ताटात ती दोनदा वाढली जाणार, ती खुशाल खा. त्या दिवशी भाजीला नावे ठेवण्याची गरज नाही.

‘मलाही नाही’ हे तुमचे उत्तर शेवटी दुरुस्त करा, आणि लग्नाचे विचारण्याच्या आधी करा, नंतर नव्हे. त्याच वेळी तिला तुमच्या या सवयीबद्दल सांगा. सवय लगेच सुटणार नाही. कोणी काही विचारले की तुमच्याकडून पहिला जो गोड शब्द येतो, त्याच्या जागी ‘पाहून सांगतो’ म्हणायला शिका. काट्यावर गाडी स्थिर होईपर्यंत तुम्ही आकडा सांगत नाही, तेवढीच उसंत येथे पुरे आहे.

आणि हो, आईलाही सांगा. मुलगा रोज उशिरा येतो आणि मंगळवारी जेवत नाही, याचा अर्थ तिने केव्हाच लावला असेल.

प्रश्न : आम्ही दोघे वर्धा जिल्ह्यातील एका गावी एकाच शाळेत शिक्षक आहोत. तालुक्याच्या ठिकाणाहून एकाच मोटारसायकलवर येतो, म्हणून लोकांनी बोलू नये यासाठी आम्ही मावसभाऊ-बहीण आहोत असे गावात सांगितले होते. आता आमचे लग्न ठरले आहे आणि मुख्याध्यापक पत्रिका मागत आहेत.
— एक शिक्षिका

उत्तर : नाते निवडतानाच आपला अंदाज चुकला. मामे-आतेभावंडे म्हणाला असता, तर अनेक समाजांत अशी सोयरीक होत असल्यामुळे गावाने उलट ‘बार केव्हा उडवता’ म्हणून तुमच्याच मागे लकडा लावला असता. मावसभाऊ मात्र सख्ख्या भावासारखा, त्यामुळे पत्रिका वाटण्याच्या आधी मुख्याध्यापकांच्या घरी दोघांनी मिळून जावे आणि खरे कारण सांगावे. त्यांच्याकडून ते गावात पोहोचेल. उशीर करू नका, कारण पत्रिकेवर दोन्हीकडच्या मामांची नावे छापली जातात, आणि सख्ख्या बहिणींच्या मुलांचे मामा वेगवेगळे कसे, हे गावातील पहिली म्हातारी पत्रिका उघडताक्षणी विचारील.