वॅन पोर्ट सारखा पडतो. सगळे इंटरफेस पुसून नव्याने लावू का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला समुद्रालगत होमस्टे आहे, चार पोर्टांच्या डब्यावर पीएफसेन्स (राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर) चालतं, वॅन, म्हणजे इंटरनेटची लाइन येते तो पोर्ट, दिवसातून चारदा पडतो आणि आता सगळे इंटरफेस, म्हणजे कुठला पोर्ट कशासाठी ही नेमणूक, पुसून परत नेमायचा विचार आहे. एवढ्यात नको. आधी केबल उपसून टोकाच्या पिना बघा.

मी मालवणकडचा. मामांच्या घरगुती निवासाचं नेटवर्क माझ्याच गळ्यात आहे. तिथला वॅन एकदा १००० वरून १०० एमबीपीएसवर येऊन बसला. पंधरा दिवस मी इंटरनेटवाल्याशी भांडलो. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती; कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. खारं वारं पंख्याच्या पात्यांना सोडत नाही, तिथे पिनांचं काय! गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. त्यामुळे एखादी जोडी गेली तरी पोर्ट बरेचदा मरत नाही, गुपचूप खालच्या वेगावर उतरतो. नवा कनेक्टर मारला, काम झालं.

म्हणून पीएफसेन्सच्या ‘स्टेटस’ मेनूतलं ‘इंटरफेसेस’ पान उघडा. ‘मीडिया’समोर वेग दिसेल, खाली एरर (खराब झालेला डेटा) आणि कोलिजन (दोन टोकांची एकाच वेळी झालेली टक्कर) यांचे आकडे. एरर तासातासाला वाढत असतील तर दोष केबल, कनेक्टर किंवा पोर्टाचा. कोलिजन दिसत असतील तर कुणीतरी एका टोकाला हाताने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) लावून ठेवलंय का बघा. दुसरं टोक ऑटोवर (आपोआप ठरवण्यावर) असलं की ते हाफ, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरून बसतं. दोन्हीकडे ऑटो ठेवा. एरर शून्य आणि तरी पडतोय, तर मग खुशाल इंटरनेटवाल्याला फोन करा.

परत नेमायचंच झालं तर आधी कॉन्फिगचा, म्हणजे सगळ्या सेटिंगचा, बॅकअप लॅपटॉपवर घ्या, आणि डब्याला मॉनिटर-कीबोर्ड लावून बसा. खोलीतल्या वायफायवरून हा उद्योग केलात तर स्वतःच बाहेर राहाल. पीएफसेन्स पोर्ट ओळखतं ते ड्रायव्हरच्या नावाने: इंटेलचं नेटवर्क कार्ड ‘आयजीबी०’, रिअलटेकचं ‘आरई०’ असं. कार्ड बदललं की जुनं नाव सापडत नाही आणि चालू होताना डबा कन्सोलवर, म्हणजे त्या जोडलेल्या मॉनिटरवर, कुठला पोर्ट कशाला ते विचारत थांबतो. पाहुण्यांसाठी नवा पोर्ट उघडलात तर त्यावर सुरुवातीला फायरवॉलचा एकही नियम नसतो, म्हणजे सगळं अडवलेलं. पोर्ट बिघडला असं समजून तो बदलू नका, नियम लिहा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. मागच्या खोल्यांकडे माडाला बांधून तांब्याची केबल नेली असेल तर वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत ती काढा. कातळावर अर्थिंग धड मिळत नाही, आणि जवळपास वीज पडली की झटका त्याच तारेतून थेट पोर्टात शिरतो. आमचे दोन पोर्ट असेच गेले. आता तिथे फायबर आहे, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे). काचेतून वीज वाहत नाही, आणि तांब्याच्या केबलची १०० मीटर लांबीची अटही सुटली.

पिना बघून झाल्या की त्या पानावरचे एररचे आकडे इथेच टाका, बाहेरचा आयपी (तुमच्या लाइनचा इंटरनेटवरचा पत्ता) तेवढा पुसून.