पीएचडीसाठी जर्मनीत यावं का, असं विचारलंस म्हणून

भाऊ, तू विचारलंस, "जळगावहून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालंय, भूजलावर पीएचडी करायला जर्मनीत यावं का? घरी केळीचा मळा आहे, वडील थकलेत." तीनदा वाचलं. आमचाही मळा रावेर तालुक्यातच. व्हिसा, एपीएस (आपल्या पदव्यांची जर्मन पडताळणी), विमा हे सगळं साइटवर मिळेल, ते सांगत बसत नाही.

इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच. जाहिरातीत 'ई-१३, ६५ टक्के' असेल, म्हणजे सरकारी पगारश्रेणी १३ आणि ६५ टक्के वेळेची नोकरी, तर पगार त्या हिशोबाने येतो, काम मात्र पूर्ण दिवसाचं. युरोपियन युनियनच्या पैशावरच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या पीएचडी जागा बघ. गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त, जागा ज्या देशात आहे त्याच देशात राहिलेला माणूस तिथे चालत नाही. तू तर गाव सोडलेलंच नाहीस. प्राध्यापकाला मेल लिहिताना मार्कांच्या टक्केवारीने सुरुवात करू नकोस. सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी कसं मुरतं आणि खाली तापीकडे विहिरी का आटतात, ते चार ओळींत लिही. त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांशीही बोल, खरं ते तेच सांगतात.

कागदपत्रांचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. मार्कशीटवर माझं आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. एवढ्यासाठी एका कार्यालयात सात खेपा घातल्या. "साहेब नाहीत, उद्या या." सातव्या खेपेला शिक्का मिळाला. त्याच दिवशी नाना, म्हणजे माझे वडील, बोअरमधली मोटर काढत होते. पाईप धरायला घरचा माणूस लागतो, आणि मी जळगावात बाकावर बसलो होतो. संध्याकाळी आलो तर ओल्या चिखलाचे पाईप बांधावर पडलेले, नानांच्या तळहाताची साल निघालेली. म्हणाले, "झालं का तुझं काम?"

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नकोस. पहिला हिवाळा जड जातो, मग चार माणसं भेटतात. भरिताची वांगी मिळत नाहीत, एवढंच.

मी पॉट्सडॅमला ग्रेस उपग्रहांच्या आकड्यांवर काम करतो. दोन उपग्रह एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर. जमिनीतलं पाणी घटलं की गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी हलतं, तेच मोजायचं. पहिली जोडी २००२ ते २०१७ चालली, दुसरी २०१८ पासून आहे. नानांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मग आपला बोअर दिसत असेल तुला." नाही दिसत. तीनशे-चारशे किलोमीटरहून लहान काही त्यात वेगळं उमटत नाही. अख्खा खानदेश म्हणजे एक ठिपका.

ये, मी नको म्हणणार नाही. पण येण्याआधी एक कर. पाणी खाली गेलं आणि पाईप वाढवले की नाना मोटरीच्या खोलीत भिंतीवर खडूने साल आणि फूट लिहायचे. वीसेक वर्षांच्या ओळी होत्या, दारामागे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. ते गेले त्या दिवाळीत धाकट्याने खोलीला चुना मारला. मी फोटो काढला नव्हता. आज त्या ओळी हाताशी असत्या तर आमच्या शिवाराचं पाणी मला वर्षावर्षाने मांडता आलं असतं. तुझ्या वडिलांजवळ बस, त्यांना आठवतंय तेवढं वहीत उतरवून घे. आजच बस.